घरगुती ध्वनिमुद्रण कक्ष (जुन्या सामग्रीतून उभारणी)

जुन्या सामग्रीतून उभारलेला घरगुती ध्वनिमुद्रण कक्ष म्हणजे वापरातून बाद झालेली इलेक्ट्रॉनिक उपकरणे दुरुस्त करून किंवा त्यांचे सुटे भाग वापरून राहत्या घरातील एखाद्या खोलीत कमी खर्चात केलेली ध्वनिमुद्रणाची व्यवस्था होय. गायन, वादन, वाचन, मुलाखती आणि बोलीभाषांचे नमुने मुद्रित करण्यासाठी अशा कक्षाचा उपयोग होतो. जुने संगणक, कॅसेट रेकॉर्डर, सार्वजनिक सभांचे ॲम्प्लिफायर, मायक्रोफोन, स्पीकरची खोकी, ट्रान्सफॉर्मर आणि तारा ही त्यासाठी वापरली जाणारी मुख्य सामग्री आहे.

जुनी वस्तू स्वस्त मिळते म्हणून ती प्रत्येक ठिकाणी चालतेच असे नाही. धातू, लाकूड, चुंबक व तांब्याची वेटोळी यांवर काळाचा परिणाम कमी होतो. याउलट रबर, फोम, विद्युत अपघटनी कपॅसिटर आणि विजेच्या तारांवरील आवरण ही वयानुसार निकामी होतात. यांपैकी काही भाग निकामी झाल्यास केवळ आवाज बिघडतो, तर काहींमुळे जिवाला धोका निर्माण होतो. हा भेद ओळखणे हा अशा उभारणीचा पाया मानला जातो.

इतिहास

घरात ध्वनिमुद्रण करण्याची परंपरा संगणकापेक्षा जुनी आहे. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांनी हॉलिवूडमधील आपल्या घराच्या गॅरेजमध्ये ध्वनिमुद्रण कक्ष उभारला होता. तबकडी कोरण्याचे यंत्र त्यांनी स्वतः तयार केले आणि तबकडी एकसमान गतीने फिरावी म्हणून त्यात कॅडिलॅक मोटारीचे जड गतिपालक चक्र बसवले. १९४८ साली कॅपिटॉल कंपनीने प्रसिद्ध केलेल्या 'लव्हर' या ध्वनिमुद्रिकेत त्यांनी गिटारचे अनेक भाग एकट्याने वाजवून एकावर एक चढवले होते.

इंग्लंडमधील ध्वनिमुद्रक जो मीक यांनी लंडनच्या ३०४, हॉलोवे रोड या पत्त्यावर, चामड्याच्या वस्तूंच्या दुकानावरील भाड्याच्या जागेत आपला कक्ष थाटला. ते रॉयल एअर फोर्समध्ये रडार विभागात काम केलेले तंत्रज्ञ होते. प्रतिध्वनीसाठी त्यांनी स्प्रिंगचे यंत्र स्वतः बनवले होते आणि स्नानगृहासह घरातील वेगवेगळ्या खोल्यांचा ते मुद्रणासाठी वापर करीत. याच घरात तयार झालेली द टॉर्नेडोज या वाद्यवृंदाची 'टेलस्टार' ही ध्वनिमुद्रिका १९६२ साली ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांच्या लोकप्रियता-यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली.

दुरुस्तीची कला आणि संगीतनिर्मिती यांचा सर्वांत ठळक मेळ जमैकात दिसतो. किंग टबी या नावाने प्रसिद्ध असलेले ऑसबोर्न रडक (१९४१–१९८९) हे किंग्स्टनमधील वॉटरहाउस भागात रेडिओ व इतर विद्युत उपकरणे दुरुस्त करणारे तंत्रज्ञ होते. १९७० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी आपल्या लहानशा घरातच ध्वनिमुद्रण कक्ष सुरू केला. डायनॅमिक साउंड्स या मोठ्या स्टुडिओने वापरून काढून टाकलेला मिश्रण कन्सोल त्यांनी विकत घेतला व आपल्या गरजेनुसार त्यात बदल केले. संपूर्ण वाद्यवृंद बसेल एवढी जागा तेथे नव्हती. त्यामुळे इतरत्र मुद्रित झालेल्या फितींवर गायकाचा आवाज चढवणे आणि त्यांचे पुनर्मिश्रण करणे एवढेच काम तेथे चाले. मूळ गीतातील आवाज मध्येच काढून घेणे, एखाद्या ठोक्याला दीर्घ प्रतिध्वनी देणे अशा प्रयोगांतून 'डब' या संगीतप्रकाराला आकार आला. जागेच्या व साधनांच्या मर्यादेतून नवी शैली जन्मास आल्याचे हे उदाहरण संगीताच्या इतिहासात वारंवार दिले जाते.

१९७९ मध्ये टीॲक कंपनीने 'पोर्टास्टुडिओ १४४' हे यंत्र बाजारात आणले. साध्या कॅसेटवर चार स्वतंत्र मार्ग मुद्रित करण्याची सोय त्यात होती आणि दर्जा सुधारण्यासाठी फीत नेहमीच्या दुप्पट वेगाने फिरत असे. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतील आपल्या घरी अशा यंत्रावर काही गीतांचे कच्चे मुद्रण केले. पुढे वाद्यवृंदासह केलेल्या मुद्रणापेक्षा हे कच्चे मुद्रणच अधिक परिणामकारक वाटल्याने तेच 'नेब्रास्का' या नावाने त्याच वर्षी प्रसिद्ध करण्यात आले.

मायक्रोफोन

ध्वनीच्या दाबातील बदलांचे विद्युत संकेतात रूपांतर करण्याचे काम मायक्रोफोन करतो. जुन्या सामग्रीत प्रामुख्याने तीन प्रकार आढळतात.

डायनॅमिक मायक्रोफोन: यात पातळ पडद्याला जोडलेले तांब्याचे वेटोळे चुंबकाच्या क्षेत्रात हलते. याची रचना दणकट असल्याने मंडप-डेकोरेटरकडून बाद झालेले मायक्रोफोनही अनेकदा केवळ तार, बटण किंवा जोडणी बदलून पुन्हा वापरता येतात. गायनासाठी व ढोलकीसारख्या मोठ्या आवाजाच्या वाद्यांसाठी हा प्रकार उपयुक्त आहे. काही जुन्या मायक्रोफोनांचा इम्पीडन्स जास्त असतो. त्यांना लांब तार जोडल्यास उच्च वारंवारतेचे स्वर क्षीण होतात, म्हणून तार काही मीटरपुरतीच ठेवावी लागते.

इलेक्ट्रेट मायक्रोफोन: गेरहार्ड सेसलर व जेम्स वेस्ट यांनी १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेत विकसित केलेला हा प्रकार कॅसेट रेकॉर्डर, बिनतारी दूरध्वनी व संगणकाच्या हेडसेटमध्ये आढळतो. सुमारे १ सेंटिमीटर व्यासाच्या या डबीला चालण्यासाठी काही व्होल्टचा एकदिश दाब लागतो. तो बॅटरीतून काही किलोओहमच्या रोधामार्फत दिला जातो आणि ध्वनिसंकेत कपॅसिटरमधून बाहेर घेतला जातो. अत्यल्प खर्चात स्वच्छ आवाज देणारा हा भाग असून तानपुरा, सतार अशा मंद व बारकाव्याच्या वाद्यांसाठी तो सोयीचा ठरतो. मात्र स्वस्त डब्यांमधून किंचित फसफस ऐकू येते.

स्पीकरचा मायक्रोफोन म्हणून वापर: स्पीकर व डायनॅमिक मायक्रोफोन यांची मूलभूत रचना सारखीच असल्याने स्पीकर उलट दिशेनेही काम करतो. १९६६ मध्ये लंडनच्या ॲबी रोडवरील ईएमआय स्टुडिओत बीटल्सच्या 'पेपरबॅक रायटर' या गीतातील बेस गिटारसाठी स्पीकरच मायक्रोफोन म्हणून वापरला गेला होता. मोठ्या शंकूचा स्पीकर खर्जाचे स्वर चांगले पकडतो, परंतु शंकू जड असल्याने त्याला तार सप्तकातील बारकावे टिपता येत नाहीत.

जुन्या दूरध्वनीतील कार्बन मायक्रोफोन मुख्यतः ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ या पट्ट्यातील आवाज वाहून नेतो. बोलणे समजण्यास तो पुरेसा असला तरी संगीतासाठी त्याचा वापर केवळ विशिष्ट परिणाम साधण्यापुरता होतो.

प्रवर्धन आणि मिश्रण

डायनॅमिक मायक्रोफोनमधून मिळणारा संकेत काही मिलिव्होल्ट किंवा त्याहूनही कमी असतो, तर घरगुती ध्वनियंत्रांची नेहमीची पातळी सुमारे ०.३ व्होल्ट असते. ही तफावत भरून काढण्यासाठी साधारणपणे ४० ते ६० डेसिबलचे प्रवर्धन लागते. हे काम करणाऱ्या पहिल्या टप्प्याला पूर्वप्रवर्धक म्हणतात. पहिल्या टप्प्यात शिरलेली खरखर पुढील प्रत्येक टप्प्यात संकेताबरोबरच वाढत जाते आणि नंतर वेगळी करता येत नाही. त्यामुळे संपूर्ण साखळीत पूर्वप्रवर्धकाची निवड सर्वांत महत्त्वाची ठरते.

सभांसाठी वापरले जाणारे ॲम्प्लिफायर मोठ्या आवाजासाठी बनवलेले असतात. त्यांच्या मायक्रोफोन-मार्गात खरखर बहुधा जास्त असते. तरीही त्यांतील ट्रान्सफॉर्मर, धातूची पेटी, बटणे व जोडण्या सुस्थितीत असल्यास पुन्हा उपयोगी पडतात. जुना लहान मिक्सर मिळाल्यास त्यातील आवाज-नियंत्रकांची खरखर विद्युतसंपर्क स्वच्छ करणारा फवारा मारून बहुतेक वेळा दूर होते.

मायक्रोफोनच्या तारेतून येणारी ५० हर्ट्‌झची गुणगुण ही घरगुती मुद्रणातील नेहमीची तक्रार आहे. तीन पिनांच्या संतुलित जोडणीत एकच संकेत दोन तारांतून परस्परविरुद्ध कलेने पाठवला जातो आणि दोन्ही तारांत सारखाच शिरलेला बाह्य व्यत्यय शेवटी वजा होतो. दोन उपकरणे वेगवेगळ्या मार्गांनी अर्थिंगला जोडली गेल्यास त्यांच्या दरम्यान वर्तुळ तयार होऊन गुणगुण सुरू होते. सर्व उपकरणे एकाच विद्युतफळीवर जोडणे किंवा ध्वनिमार्गात विलगीकरण ट्रान्सफॉर्मर बसवणे हे त्यावरील योग्य उपाय होत. अर्थिंगची पिन कापून गुणगुण थांबवण्याची पद्धत प्रचलित असली तरी ती प्राणघातक आहे.

मुद्रण यंत्र

कमी खर्चाच्या कक्षात मुद्रणासाठी आता बहुधा जुना संगणक वापरला जातो. सीडीच्या दर्जाचे मुद्रण म्हणजे दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि दोन मार्ग. या हिशेबाने एका मिनिटाला सुमारे १०.६ मेगाबाइट जागा लागते. ४८,००० नमुने व २४ बिट या दर्जाचे आठ मार्ग एकाच वेळी मुद्रित केले तरी मिनिटाला सुमारे ६९ मेगाबाइट, म्हणजे सेकंदाला सव्वा मेगाबाइटहून कमी माहिती साठवावी लागते. हा भार दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या संगणकालाही सहज पेलतो. त्यामुळे कार्यालयांतून बाद झालेले संगणक या कामास योग्य ठरतात. ऑडॅसिटी आणि आर्डर यांसारख्या मुक्त प्रणालींमुळे सॉफ्टवेअरचा खर्चही वाचतो.

संगणकाच्या मूळ मायक्रोफोन-जोडणीत आतील विद्युत व्यत्यय मिसळण्याची शक्यता असते. शक्य असल्यास वापरलेले परंतु चालू स्थितीतील बाह्य ऑडिओ इंटरफेस विकत घेणे अधिक फायद्याचे ठरते, कारण त्यात पूर्वप्रवर्धक व अंकीय रूपांतरक दोन्ही असतात. मुद्रणाच्या वेळी सर्वांत मोठा स्वर कमाल पातळीच्या ६ ते १२ डेसिबल खाली राहील अशी योजना केली जाते. अंकीय मुद्रणात कमाल पातळी ओलांडल्यास लाटेचा माथा छाटला जातो आणि तो दोष पूर्णपणे दुरुस्त करता येत नाही.

कॅसेट व स्पूल रेकॉर्डर यांचा उपयोग दोन कारणांसाठी होतो: फितीचा विशिष्ट आवाज मिळवण्यासाठी आणि घरातील जुन्या कॅसेटींचे अंकीय जतन करण्यासाठी. जुन्या रेकॉर्डरमधील रबरी पट्टे सैल झालेले असतात, ते बदलावे लागतात. हेड व फीत ओढणारा दांडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ केले जातात. दुर्मीळ कॅसेट प्रथम वाजवण्यापूर्वी बिनमहत्त्वाची कॅसेट लावून यंत्राची परीक्षा घेणे आवश्यक असते, कारण बिघडलेल्या यंत्रात फीत गुंतून कायमची खराब होऊ शकते.

श्रवणव्यवस्था

मुद्रण तपासण्यासाठी जुने हाय-फाय स्पीकर व ॲम्प्लिफायर चालतात. स्पीकरच्या शंकूभोवतीची फोमची कडा कालांतराने भुगा होऊन गळते. शंकू व वेटोळे चांगले असल्यास फक्त कडा बदलून स्पीकर पूर्ववत करता येतो. दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचे डोके यांचा समभुज त्रिकोण होईल आणि स्पीकर कानांच्या उंचीवर असतील, अशी मांडणी केली जाते. मायक्रोफोन चालू असताना मात्र स्पीकर बंद ठेवून हेडफोन वापरले जातात.

खोलीची ध्वनिरचना

मुद्रणाचा दर्जा उपकरणांइतकाच, किंबहुना अधिक, खोलीवर अवलंबून असतो. येथे दोन भिन्न प्रश्नांची गल्लत होते. बाहेरचा आवाज आत येऊ न देणे म्हणजे ध्वनिरोधन आणि आतील आवाज भिंतींवरून परतू न देणे म्हणजे ध्वनिशोषण. ध्वनिरोधनासाठी वस्तुमान व हवाबंदपणा लागतो. जाड दार, खिडकीच्या फटींना रबरी पट्टी आणि शांत वेळेची निवड हे त्याचे स्वस्त मार्ग होत. भिंतीवर मऊ वस्तू लावून शेजारच्या घरातील आवाज थांबत नाही.

ध्वनिशोषणासाठी गोधड्या, सतरंज्या, गाद्या, कपड्यांची उघडी कपाटे व पुस्तकांची मांडणी यांचा उपयोग होतो. भिंतीलगत लावलेल्या शोषक थराची जाडी ध्वनिलहरीच्या लांबीच्या चतुर्थांशाजवळ असल्यास शोषण चांगले होते. १,००० हर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे ३४ सेंटिमीटर, म्हणजे चतुर्थांश सुमारे ८.५ सेंटिमीटर असते. १०० हर्ट्‌झसाठी हेच माप सुमारे ८६ सेंटिमीटर होते. भिंतीला टेकवलेली गोधडी उच्च स्वर शोषते पण खर्जाचे स्वर तसेच घुमत राहतात, याचे कारण हेच आहे. गोधडी भिंतीपासून काही अंतर सोडून टांगल्यास परिणाम सुधारतो. अंड्यांचे कागदी ट्रे लोकप्रिय असले तरी त्यांचे शोषण अत्यल्प असते आणि ते सहज पेट घेतात. भंगारातील फोमही ज्वलनशील असून जळताना विषारी धूर सोडतो, म्हणून विजेच्या उपकरणांजवळ तो लावणे टाळले जाते. जुन्या लाकडी चौकटींत खनिज लोकर भरून व वर कापड ताणून केलेली फळी अधिक सुरक्षित असते. ती बनवताना मुखपट्टी व हातमोजे आवश्यक असतात.

संगणकाचा पंखा हा खोलीतील आवाजाचा मोठा स्रोत असतो. लांब तारा वापरून संगणक शेजारच्या खोलीत ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. छताचा पंखा मुद्रणाच्या वेळी बंद ठेवावा लागतो.

सुरक्षितता

घरगुती कक्षात विजेवर चालणाऱ्या वाद्याला हात आणि मायक्रोफोनला ओठ एकाच वेळी लागलेले असू शकतात. या दोहोंपैकी एका उपकरणाच्या अर्थिंगमध्ये दोष असल्यास प्रवाह शरीरातून वाहतो. स्टोन द क्रोज या वाद्यवृंदाचे स्कॉटिश गिटारवादक लेस हार्वी यांचा मे १९७२ मध्ये वेल्समधील स्वॉन्सी येथे रंगमंचावर अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला स्पर्श होऊन मृत्यू झाला.

जुन्या उपकरणांबाबत पुढील धोके विशेष आहेत:

चित्रनलिका असलेले दूरचित्रवाणी संच: नलिकेच्या ॲनोडवर हजारो व्होल्टचा दाब असतो आणि संच बंद केल्यानंतरही तो शिल्लक राहू शकतो. ध्वनिमुद्रणासाठी उपयोगी असे यात फारसे काही नसल्याने असा संच न उघडणेच श्रेयस्कर मानले जाते.

संगणकाचा विद्युतपुरवठा: २३० व्होल्टच्या प्रवाहावर यातील मुख्य कपॅसिटर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत भारित होतो. प्लग काढल्यावरही हा भार काही काळ टिकतो.

व्हॉल्व्हचे रेडिओ: आत शेकडो व्होल्टचा दाब असतो. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या काही संचांत धातूचा सांगाडाच थेट वीजवाहिनीला जोडलेला असतो. अशा संचाला मायक्रोफोन किंवा वाद्य जोडणे प्राणघातक ठरू शकते.

बॅटरी: फुगलेली लिथियम बॅटरी उघडणे, दाबणे किंवा पुन्हा भारित करणे धोक्याचे असते.

दीर्घकाळ बंद असलेले उपकरण प्रथम सुरू करताना अनुभवी तंत्रज्ञ सिरीज बोर्ड वापरतात. त्यात तारेचा जुना विद्युतदिवा उपकरणाशी एकसर जोडलेला असतो. उपकरणात शॉर्ट सर्किट असल्यास दिवा पूर्ण प्रकाशाने पेटतो व प्रवाह मर्यादित राहतो. मात्र सिरीज बोर्डमुळे विजेच्या धक्क्यापासून संरक्षण मिळत नाही. त्यासाठी खात्रीचे अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळती-रोधक स्विच आवश्यक असतो. विद्युतवाहिनीची तार, प्लग, फ्यूज व विद्युतफळी या वस्तू जुन्या न वापरता नव्या घेतल्या जातात. सोल्डरिंग करताना खोलीत हवा खेळती ठेवणे आणि नंतर हात धुणे आवश्यक असते, कारण जुन्या सोल्डरमध्ये शिसे असते.

महाराष्ट्रातील उपलब्धता आणि कायदा

मुंबईतील ग्रँट रोड परिसरातील लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, ही इलेक्ट्रॉनिक भागांची मोठी बाजारपेठ आहे. मुंबईचा चोरबाजार आणि पुण्यात बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार येथे वापरलेली ध्वनियंत्रे मिळतात. कॅसेटचा वापर ओसरल्यानंतर घरोघरी पडून राहिलेले टेपरेकॉर्डर हाही सुट्या भागांचा स्रोत आहे.

भारतात ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांनुसार उत्पादक, नूतनीकरण करणारे व पुनर्चक्रण करणारे यांना नोंदणी आवश्यक आहे. भाग काढून घेतल्यानंतर उरलेले सर्किट बोर्ड, बॅटऱ्या व चित्रनलिका घरच्या कचऱ्यात न टाकता अधिकृत संकलनाकडे देणे अपेक्षित आहे. तांबे काढण्यासाठी तारांचे प्लॅस्टिक जाळल्यास अत्यंत विषारी वायू निर्माण होतात.

मर्यादा

जुन्या सामग्रीचा कक्ष उभारण्यास पैसा कमी लागतो, परंतु वेळ व कौशल्य अधिक लागते. सुटे भाग मिळतीलच याची शाश्वती नसते आणि दोन मार्गांवरील उपकरणे एकसारखी नसल्यास आवाजाचा समतोल बिघडतो. मोठा वाद्यवृंद एकत्र मुद्रित करणे अशा कक्षात बहुधा शक्य होत नाही. एकल गायन, एक-दोन वाद्ये, कथाकथन, श्राव्य पुस्तके आणि घरातील वृद्धांच्या ओव्या, गीते व आठवणी यांच्या मुद्रणासाठी मात्र तो पुरेसा ठरतो. या प्रकारच्या कामात यंत्राच्या किमतीपेक्षा शांत खोली, मायक्रोफोनचे योग्य अंतर आणि बिनचूक पातळी यांचाच मुद्रणाच्या दर्जावर अधिक परिणाम होतो.

हे सुद्धा पहा

ध्वनिमुद्रण
मायक्रोफोन
कॅसेट
ई-कचरा
डब संगीत